विश्लेषण : रोलचे कॅमेरे पुन्हा हातात का येऊ लागले? ही हौस टिकणार कशाच्या बळावर?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पेटीतून चामडी कव्हरमधला एखादा जुना कॅमेरा निघतो. कुणाकडे याशिका, कुणाकडे झेनिट, कुणाकडे आगफा क्लिक थ्री, तर कुणाकडे नव्वदच्या दशकातला कोडॅकचा केबी-१०. काही वर्षांपूर्वीपर्यंत असा कॅमेरा लहान मुलांच्या खेळण्यात जाई किंवा भंगारवाल्याकडे. आता घरातली विशीतली मुलेच तो उचलून पुसतात आणि विचारतात, ‘याचा रोल अजून मिळतो का?’ रोल मिळतो. २०२४ मध्ये तर एका जपानी कंपनीने रोलचा कोरा करकरीत कॅमेरा बाजारात आणला. मात्र पन्नास वर्षे जुना कॅमेरा आजही चालत असला, तरी त्याला लागणारा रोल, तो धुणारी लॅब आणि बिघाड काढणारा कारागीर या तिन्ही गोष्टी दुर्मीळ होत चालल्या आहेत. त्यामुळे ही हौस कशी जोपासायची आणि ती किती काळ जोपासता येईल, हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

रोलमध्ये नेमके असते काय?

रोल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा थर असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. शटर क्षणभर उघडले की भिंगातून आलेला प्रकाश या स्फटिकांवर पडतो आणि त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. डेव्हलपर या रसायनात पट्टी बुडवली की प्रकाश लागलेल्या स्फटिकांची काळी चांदी बनते. त्यानंतर फिक्सर, म्हणजे छायाचित्रकारांच्या बोलीतला ‘हायपो’, प्रकाश न लागलेले स्फटिक विरघळवून टाकतो. जिथे उजेड जास्त तिथे काळे, जिथे अंधार तिथे पारदर्शक, अशी उलटी प्रतिमा तयार होते. हीच निगेटिव्ह.

रंगीत रोलमध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात. तो धुताना चांदी काढून टाकली जाते आणि मागे फक्त रंगद्रव्य उरते. त्यासाठी ‘सी-४१’ ही प्रक्रिया १९७२ पासून जगभर वापरली जाते. तिच्यात डेव्हलपरचे तापमान जवळपास ३८ अंश सेल्सिअसवर काटेकोर ठेवावे लागते. थोडक्यात, प्रत्येक फोटो ही एक रासायनिक घटना असते. ती एकदा घडली की पुसता येत नाही आणि जमली की नाही, हे रोल धुतल्याशिवाय कळत नाही.

आज सर्वाधिक वापरात असलेला ३५ मिलिमीटरचा रोल मुळात चित्रपटाच्या फिल्मवरून आला. जर्मनीतील लायट्झ कंपनीतील ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी वापरून २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेणारा छोटा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये तो ‘लायका’ नावाने बाजारात आला आणि कॅमेरा तिपाईवरून उतरून माणसाच्या गळ्यात आला. ‘फुल फ्रेम’ म्हणून आजचे महागडे डिजिटल कॅमेरे विकले जातात, त्यांच्या सेन्सरचे मापही त्याच चौकटीवरून घेतलेले आहे.

हे कॅमेरे बाजूला कसे पडले?

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना रोल विकणाऱ्या कंपनीतच तयार झाला. १९७५ मध्ये कोडॅकमधील तरुण अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी तो बनवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते, चित्र अवघे ०.०१ मेगापिक्सेलचे आणि कृष्णधवल. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. कोडॅकचा धंदा रोल, कागद आणि रसायने यांवर उभा होता. स्वतःच्याच धंद्याला धक्का देणाऱ्या या शोधावर कंपनीने वेळेत सारी भिस्त ठेवली नाही.

पुढच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरे आणि फिल्म या दोन्ही व्यवसायांतून बाहेर पडण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी निकॉनने आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद केले. कोडॅकने २००९ मध्ये ‘कोडाक्रोम’ या १९३५ पासून चालत आलेल्या स्लाइड फिल्मचे उत्पादन थांबवले. तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल प्रसिद्ध छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना देण्यात आला. ३६ चौकटींच्या त्या रोलमधील काही छायाचित्रे त्यांनी भारतात टिपली. त्यांत राजस्थानातील रबारी समाजाची माणसे आहेत, तसेच मुंबईचे चित्रपट कलाकारही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीतून संरक्षणासाठी अमेरिकी न्यायालयात अर्ज केला. कॅननने आपल्या शेवटच्या फिल्म कॅमेऱ्याची विक्री २०१८ मध्ये थांबवली आणि निकॉनचा ‘एफ-६’ २०२० मध्ये इतिहासजमा झाला. तोपर्यंत सर्वसामान्यांच्या खिशातल्या मोबाइलने छोटे डिजिटल कॅमेरेही मोडीत काढले होते.

मग परतीचा प्रवास कुठून सुरू झाला?

सुरुवात चटकन हाती येणाऱ्या फोटोपासून झाली. पोलरॉइडने २००८ मध्ये आपली फिल्म बंद करण्याचे ठरवले, तेव्हा नेदरलँड्समधील एन्शेडे येथील कारखान्यातली यंत्रे काही उत्साही मंडळींनी विकत घेतली आणि ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ या नावाने नव्याने फिल्म बनवली. हाच उपक्रम पुढे पोलरॉइड या मूळ नावाने उभा राहिला. फुजीफिल्मचे ‘इन्स्टॅक्स’ कॅमेरे आपल्याकडेही वाढदिवस आणि लग्नसमारंभांत सहज दिसतात.

पाठोपाठ रोलही परतले. बंद केलेली ‘एक्टाक्रोम’ कोडॅकने २०१८ मध्ये पुन्हा आणली. फुजीने ‘अ‍ॅक्रॉस’ ही कृष्णधवल फिल्म २०१९ मध्ये नव्या रूपात सुरू केली. ‘इलफर्ड’ या नावाने कृष्णधवल रोल बनवणाऱ्या ब्रिटनमधील हार्मन कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये ‘फिनिक्स’ हा आपला रंगीत रोल आणला. लायकाने २००२ मध्ये थांबवलेला ‘एम-६’ कॅमेरा २०२२ मध्ये पुन्हा बनवायला घेतला. पेंटॅक्सने जून २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ जाहीर केला. हा अर्ध्या चौकटीचा कॅमेरा असल्याने ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघतात आणि मोबाइलसारखी उभी चौकट मिळते. रोलचा वाढता खर्च आणि मोबाइलवर फोटो पाहण्याची सवय या दोन्हींचा विचार त्यात दिसतो.

रोल तगून राहण्यामागे सिनेमाचाही मोठा वाटा आहे. २०१५ मध्ये हॉलीवूडच्या सहा मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले. ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘ओपनहायमर’साठी तर कोडॅकने आयमॅक्स कॅमेऱ्यांत चालणारी ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म खास बनवून दिली. चित्रपटांसाठी यंत्रे सुरू राहिली, म्हणून हौशी छायाचित्रकाराचा छोटा रोलही त्याच कारखान्यातून निघू शकला.

३६ क्लिकमध्ये आनंद कसला?

मोबाइलने फोटो काढताना बटण दाबले की बहुतेक वेळा एकाहून अधिक चित्रे टिपली जातात. मग मोबाइलमधले सॉफ्टवेअर ती जुळवते, अंधार उजळते, चेहरा नितळ करते. फोटो उत्तम येतो, पण त्यातले बरेच निर्णय यंत्राने घेतलेले असतात. जुन्या कॅमेऱ्यात हे निर्णय माणसाला घ्यावे लागतात. उजेड किती, छिद्र किती उघडायचे, शटर किती वेगाने चालवायचे, समोरचा माणूस किती फुटांवर आहे, हे सगळे बोटांनी कड्या फिरवून ठरवायचे. सूर्य डोक्यावर असताना छिद्र ‘१६’ वर ठेवावे आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओ आकड्याच्या जवळपास, म्हणजे २०० च्या रोलला सेकंदाचा अडीचशेवा भाग ठेवावा, असा एक जुना ठोकताळा आहे. तो जमला की कॅमेऱ्यातील मीटर बंद असला तरी काम अडत नाही.

दुसरी गोष्ट मोजक्या संधींची. रोलमध्ये ३६ चौकटी असतात. नव्वदच्या दशकात महाबळेश्वरची सहल, मुंज आणि गणपती असे सगळे एकाच रोलमध्ये उरकलेल्या पिढीला ही काटकसर ठाऊक आहे. रोल जपून भरला तर ३७ वा फोटोही निघे, त्याचे केवढे अप्रूप असे. आज तीच मर्यादा तरुणांना मोकळे करणारी वाटते. एकाच थाळीचे वीस फोटो काढून त्यातला एक निवडायचा आणि उरलेले मोबाइलमध्ये कायमचे साठवायचे, हा व्याप इथे नसतो. समोरचे दृश्य फोटो काढण्याजोगे आहे का, हे आधीच ठरवावे लागते. कधी कॅमेरा खाली ठेवून ते नुसते पाहिले जाते.

तिसरी गोष्ट वाट पाहण्याची. कॅमेऱ्याच्या पाठीला पडदा नसतो. त्यामुळे फोटो काढल्याबरोबर सगळे भोवती जमून ‘दाखव, दाखव’ करत नाहीत, गप्पा पुढे सुरू राहतात. रोल धुऊन येतो तेव्हा त्या दिवसाला दोन-चार आठवडे उलटलेले असतात. आपण काढलेला फोटोही तेव्हा थोडा नवा वाटतो. एखादा हललेला असतो, एखाद्याच्या कोपऱ्यात बोट आलेले असते. तरीही तो टाकून द्यावासा वाटत नाही.

भारताचे या कॅमेऱ्यांशी नाते काय?

छायाचित्रणाची कला जगात जाहीर झाली १८३९ मध्ये आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. स्वातंत्र्याच्या काळातली त्यांची गाजलेली छायाचित्रे स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स यांसारख्या कॅमेऱ्यांवर टिपलेली आहेत. प्रत्येक फोटोनंतर काच किंवा फिल्म बदलावी लागे अशा त्या काळात नेमका क्षण साधणे म्हणजे काय, हे त्यांच्या कामातून समजते.

मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा पोहोचवला तो ‘आगफा क्लिक थ्री’सारख्या, भारतात बनणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांनी. १२० क्रमांकाच्या रुंद रोलवर १२ चौकोनी फोटो, ऊन की ढग एवढेच ठरवायचे आणि खटका दाबायचा. ऐंशीच्या दशकात ‘हॉट शॉट’च्या जाहिराती दूरदर्शनवर गाजल्या. सरकारनेही १९६० मध्ये उटी येथे ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ ही कंपनी स्थापन केली. तिथे ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म आणि एक्स-रे फिल्म तयार होत असे. रंगीत रोलचा जमाना आला, आयात खुली झाली, त्यात ही कंपनी मागे पडली आणि अखेर बंद झाली. आज भारतातील हौशी छायाचित्रकार रोलसाठी जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, त्याचे मूळ इथे आहे.

जुन्या कॅमेऱ्यांवरचे प्रेम मात्र आटले नाही. मुंबईतील छायाचित्रकार दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद २००३ मध्ये गिनेस बुकात झाली. गुरुग्राममध्ये २०१९ पासून ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय सुरू आहे. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार हा कॅमेरे आणि फोटोग्राफीच्या सामानाचा जुना ठिय्या. चोर बाजारात किंवा पुण्यातील बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नजर तयार असेल तर आजही एखादा चालू कॅमेरा हाती लागतो.

खर्च किती येतो?

कॅमेरा एकदाच घ्यावा लागतो. तो घरातच सापडला तर तेवढाही खर्च नाही. खरा खर्च रोलचा. भारतात ३६ फोटोंचा चांगल्या कंपनीचा रंगीत रोल हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून महाग मिळतो. तो धुऊन स्कॅन करून घ्यायला आणखी काही शे रुपये लागतात. म्हणजे एका क्लिकमागे साधारण चाळीस-पन्नास रुपये पडतात. लॅब आपल्या गावात नसेल तर कुरिअरचा खर्च वेगळा. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणीही कलर लॅब असे. आता बहुतेकांना मुंबई, पुणे, बेंगळूरु, दिल्ली अशा शहरांतील मोजक्या लॅबकडे रोल पाठवावा लागतो.

काटकसरीचे काही मार्ग आहेत. चित्रपटाच्या मोठ्या रिळातून कापून डब्यांत भरलेले रोल भारतात मिळतात आणि ते तुलनेने स्वस्त असतात. मात्र सिनेमाच्या मूळ फिल्मच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो. तो काढलेला नसेल तर साधी लॅब असा रोल घेत नाही, कारण त्या थराने बाकीचे रोलही खराब होतात. म्हणून रोल देताना तो कोणता आहे हे लॅबला आधी सांगावे. कृष्णधवल रोल घरीही धुता येतो. त्यासाठी डेव्हलपिंग टाकी, हात घालून अंधारात रोल भरता येईल अशी काळी पिशवी, थर्मामीटर आणि दोन-तीन रसायने पुरतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नये. लॅब किंवा चांदी काढून घेणाऱ्यांकडे द्यावा.

जुना कॅमेरा घेताना काय पाहावे?

आधी मागचे झाकण उघडून शटर वेगवेगळ्या वेगांवर दाबून पाहावे. एका सेकंदाचा वेग अडखळत असेल तर आतील वंगण सुकले आहे असे समजावे. छिद्राच्या पात्या लहान-मोठ्या होतात का आणि त्यांवर तेल आले आहे का, तेही पाहावे. भिंगातून आरपार टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, हे तपासावे. तशी जाळी म्हणजे बुरशी. ती कडेला थोडी असेल तर साफ होऊ शकते, पण तिने काच कोरली असेल तर डाग कायमचा राहतो.

झाकणाच्या खाचेतील काळा फोम जुना होऊन चिकट झालेला असतो. त्यातून उजेड आत शिरून फोटोंवर लाल-केशरी पट्टे येतात. हा फोम बदलणे सोपे आणि स्वस्त काम आहे. बॅटरीचा प्रश्न मात्र थोडा किचकट. साठ-सत्तरच्या दशकांतील अनेक कॅमेरे पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. पर्यावरणाच्या कारणाने त्या आता बनत नाहीत. आजच्या बॅटरीचा दाब वेगळा असल्याने मीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. अशा वेळी मोबाइलवरील लाइट मीटरचे अ‍ॅप कामी येते. ‘ऑलिम्पस ट्रिप ३५’सारख्या कॅमेऱ्यांना बॅटरी लागतच नाही. भिंगाभोवतीची सेलेनियमची पट्टी उजेडावरच चालते. पण ती पट्टी निकामी झाली असेल तर बदलणे अवघड असते.

पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने महागडा कॅमेरा घेण्याची गरज नाही. घरातलाच कॅमेरा एखाद्या जाणकाराला दाखवावा. दुरुस्ती झेपण्यासारखी असेल तर करून घ्यावी आणि पहिला रोल भर उन्हात, ओळखीच्या ठिकाणी संपवावा. रोल भरल्यावर फिल्म पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळणीची कळ फिरते आहे ना, हे जरूर पाहावे. ती फिरत नसेल तर फिल्म आत अडकलेलीच नाही. अशा रोलवर ३६ वेळा बटण दाबूनही एकही फोटो निघत नाही.

कोकणातली हवा आणि विमानतळावरचे यंत्र...

दमट हवा हा कॅमेऱ्याचा मोठा शत्रू. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा चामडी कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवला तर बुरशी येण्याची शक्यता फार. चामडे ओल धरून ठेवते. त्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा. पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर शेजारी ठेवू नये, असे कॅमेरा कंपन्यांच्या माहितीपुस्तिकाच सांगतात. न वापरलेला रोल हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवता येतो. वापरण्याआधी तो काही तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर आत दव धरते.

विमानप्रवासात न धुतलेला रोल चेक-इन बॅगेत कधीही टाकू नये, कारण तिथली क्ष-किरण यंत्रे अधिक तीव्र असतात. काही विमानतळांवर हातातील सामानासाठीही सीटी स्कॅनर बसवले जात आहेत आणि तेही फिल्मला घातक आहेत. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासण्याची विनंती सुरक्षा कर्मचाऱ्यांना करता येते. ती मान्य करणे न करणे त्यांच्यावर असते.

खरी अडचण कुठे आहे?

रोल बनवणे हे घरगुती काम नाही. काळ्याकुट्ट अंधारात, धुळीचा कण नसलेल्या दालनात, प्लास्टिकच्या अखंड पट्टीवर अनेक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अचूकतेने चढवावे लागतात. अशी यंत्रे जगात मोजक्याच ठिकाणी उरली आहेत. रंगीत रोलच्या बाबतीत मोठी भिस्त अमेरिकेतील रोचेस्टर येथील कोडॅकच्या कारखान्यावर आहे. फुजीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही रंगीत रोलवरही आता अमेरिकेत बनल्याचा शिक्का असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये वाढती मागणी पुरवण्यासाठी यंत्रसामग्री सुधारायची म्हणून कोडॅकने हा कारखाना काही काळ थांबवला होता. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये, वर्षभरात फेडायच्या कर्जाची पक्की तजवीज नसल्याने कंपनीचे कामकाज पुढे चालू राहण्याबद्दल शंका असल्याचे तिच्याच आर्थिक अहवालात नमूद झाले. कंपनी बंद होणार नाही, पेन्शन निधीतून मिळणाऱ्या रकमेतून कर्ज फेडले जाईल, असा खुलासा नंतर करण्यात आला. मागणी वाढते आहे आणि तरीही पुरवठ्याचा पाया एका कारखान्याच्या प्रकृतीवर अवलंबून आहे, ही यातली खरी गोम.

दुसरी अडचण कारागिरांची. जुने कॅमेरे उघडून पुन्हा जुळवणारे बहुतेक जण आता वयस्क झाले आहेत. सुटे भाग बनत नाहीत. त्यामुळे एक कॅमेरा दुरुस्त करायला त्याच जातीचा दुसरा बंद कॅमेरा फोडावा लागतो. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीगणिक जगातला एक कॅमेरा कमी होतो. पूर्ण यांत्रिक कॅमेरे अनुभवी हातांत पुन्हा चालू होतात. नव्वदच्या दशकातील स्वयंचलित कॅमेऱ्यांचे सर्किट गेले की मात्र ते बहुतेक वेळा कायमचेच बंद पडतात. तरुणांमध्ये सध्या हेच छोटे, खिशात मावणारे स्वयंचलित कॅमेरे जास्त लोकप्रिय आहेत. विकत घेताना हा फरक लक्षात ठेवायला हवा. म्हणूनच नव्या कॅमेऱ्यांचे महत्त्व मोठे आहे. ते जुन्यांइतके सुंदर नसतील, पण त्यांचे सुटे भाग मिळतात.

निगेटिव्ह का जपायच्या?

आज रोल धुऊन घेणारे अनेक जण लॅबकडून ई-मेलवर स्कॅन घेतात आणि निगेटिव्ह आणायला जातच नाहीत. रोलची सगळ्यात टिकाऊ गोष्ट अशाने लॅबच्या खणात पडून राहते. स्कॅन ही डिजिटल फाइल. मोबाइल हरवला, पासवर्ड विसरला की तीही जाते. निगेटिव्ह वाचायला मात्र कोणतेही यंत्र किंवा सॉफ्टवेअर लागत नाही. ती खिडकीसमोर धरली तरी कोण उभे आहे ते दिसते. पन्नास वर्षांनी आजच्याहून चांगला स्कॅनर निघाला तर त्याच निगेटिव्हमधून आणखी तपशील काढता येईल.

हीच गोष्ट घरोघरी पडलेल्या जुन्या निगेटिव्हची. लग्नाच्या अल्बममागच्या पाकिटात, औषधाच्या रिकाम्या डब्यात, ट्रंकेच्या तळाशी त्या असतात. अ‍ॅसिटेटची जुनी फिल्म उष्णतेने आणि ओलीने हळूहळू कुजते. तेव्हा तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पट्टी वळते आणि जिलेटिनचा थर सुटू लागतो. हा बदल उलटवता येत नाही आणि वास येणारी फिल्म शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बिघडवते. असा वास आलेल्या निगेटिव्ह आधी वेगळ्या कराव्यात आणि लवकरात लवकर स्कॅन कराव्यात. बाकीच्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून कागदी किंवा पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटांत ठेवाव्यात. पाकिटावर साल आणि प्रसंग पेन्सिलीने लिहावा. आजी-आजोबा सांगू शकतात तोवर माणसांची नावेही लिहून घ्यावीत. स्कॅनर नसेल तर मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा पांढरा पडदा मागे ठेवून, पट्टी पडद्यापासून थोडी उंच धरून फोटो काढता येतो. साध्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये रंग उलटे केले की चेहरे ओळखू येतात. छपाईजोगा दर्जा त्यातून मिळणार नाही, पण पेटीत काय दडले आहे हे कळायला तेवढे पुरते.

पुढे काय?

रोल पुन्हा मोबाइलची जागा घेईल, असे कुणीही म्हणत नाही. बातमी, पुरावा, व्हॉट्सअ‍ॅपवर तत्काळ धाडायचा फोटो या सगळ्यासाठी मोबाइलच सोयीचा. रोलची जागा आता हाताने लिहिलेल्या पत्रासारखी किंवा ग्रामोफोनच्या तबकडीसारखी, कमी वेळा आणि ठरवून वापरण्याची आहे. ती टिकवायला जुने कॅमेरे शोकेसमध्ये मांडून चालणार नाही. रोल विकत घेतले गेले तर कारखाने चालतील, लॅबकडे रोज पुरेसे रोल आले तर तिथली रसायने ताजी राहतील आणि दुरुस्तीला कॅमेरे आले तर एखादा तरुण ते काम शिकायला बसेल. या साखळीतली एक कडी तुटली तरी उरलेल्या निरुपयोगी होतात. माळ्यावरच्या कॅमेऱ्यात कदाचित वीस वर्षांपूर्वीचा अर्धवट राहिलेला रोलही असेल. मागचे झाकण उघडण्याआधी वरचा आकडा पाहावा. तो शून्यावर नसेल तर झाकण न उघडता कॅमेरा तसाच लॅबमध्ये न्यावा. जुना रोल बऱ्याचदा फिकट, दाणेदार निघतो आणि कधी काहीच निघत नाही. पण झाकण उघडले गेले तर फिल्मवर उजेड पडून त्यातले बरेच फोटो कायमचे जातात.